मदत हवी आहे: काझीगुंडच्या बर्फात दहा चाकी कशी सांभाळायची?

राम राम मंडळी. जानेवारीअखेरीस निफाडची द्राक्षं घेऊन श्रीनगरला जायचंय. बावीस वर्षं गाडी चालवतोय, कसारा आणि खंबाटकी अंगवळणी पडलेत, पण बर्फावर कधी चाक घातलेलं नाही. बनिहालच्या साडेआठ किलोमीटरच्या बोगद्यात रस्ता कोरडा मिळतो, पण काझीगुंडला बाहेर पडलं की पहाटेचा रस्ता काचेसारखा असतो, असं ऐकतो. डांबर काळंच दिसतं, वर गोठलेलं पाणी कळतच नाही. मला भीती त्याचीच आहे.

माझ्या गाडीचा मागचा एकच अ‍ॅक्सल ओढतो. बर्फात पकड मिळावी म्हणून चाकाला गुंडाळतात ती साखळी त्याच्या जोडचाकांपैकी बाहेरच्या चाकाला पुरते, की आतल्यालाही हवी? पुढच्या चाकांना कुणी लावतं का? उतारावर मी एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक) असतो, पण निसरड्यावर त्यानेच मागची चाकं अडकून गाडी आडवी होईल असं वाटतं. तिथे नुसता खालचा गिअर धरून उतरावं का?

परतीची काळजी जास्त आहे. गावातल्या एका पोराची गाडी गेल्या हिवाळ्यात रिकामी येतानाच घसरली, मागे वजनच नव्हतं. जीव वाचला. सफरचंदाचं भाडं मिळेपर्यंत दोन दिवस थांबायची माझी तयारी आहे. नाहीच मिळालं तर वाळूची पोती ओढत्या अ‍ॅक्सलवर टाकून उपयोग होतो का?

हिवाळ्यात तिकडे स्वतः गाडी नेलेल्या भावांनी कृपया सविस्तर लिहा. सोबत क्लीनर म्हणून माझा पुतण्या आहे, एकोणीस वर्षांचा.