तातडीच्या पोटाच्या शस्त्रक्रियेआधी सांगितलेला मृत्यूचा धोका: हा आकडा येतो कुठून?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. माझ्या ७९ वर्षांच्या आत्याच्या जठरातील अल्सरला छिद्र पडल्याने तिला रात्री तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले आणि काही तासांतच पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. संमतिपत्रावर सही घेताना सर्जननी मृत्यूचा धोका २० टक्क्यांच्या आसपास असल्याचे सांगितले होते. शस्त्रक्रिया आटोपून ते बाहेर आले तेव्हा मात्र हा आकडा आता ३० च्या वर धरावा लागेल, असे ते म्हणाले. आत्या बरी होऊन घरी आली आहे आणि डॉक्टरांविषयी आमची कसलीही तक्रार नाही. तरीही हे आकडे कशावरून काढतात, ते काही तासांत कसे बदलतात आणि आत्या आधी किती हिंडती-फिरती होती याचा त्यात विचार होतो का, हे समजून घ्यावेसे वाटते. घरात ८४ वर्षांचे वडील आहेत; पुन्हा अशी वेळ आली, तर आकडा ऐकल्यावर डॉक्टरांना नेमके काय विचारावे हे आम्हाला ठाऊक असावे, एवढाच हेतू आहे.

उत्तर १ (जनरल सर्जन, ठाणे)

ताई, तुम्हाला सांगितलेला आकडा बदलला यात विसंगती नाही. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी 'पी-पॉसम' ही गणनपद्धती वापरली जाते. मूळ पॉसम १९९१ साली ब्रिटनमध्ये मांडली गेली. ती कमी धोक्याच्या रुग्णांत मृत्यूची शक्यता फाजील दाखवते असे आढळल्यावर पोर्ट्समथ येथील डॉक्टरांनी तिचे समीकरण सुधारले आणि ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात एकूण १८ बाबी आहेत. वय, हृदयाची व श्वसनाची स्थिती, रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, युरिया, सोडियम, पोटॅशियम आणि ईसीजी या १२ बाबी रुग्णाच्या शरीराविषयीच्या असून त्या टेबलावर घेण्याआधीच हाती असतात. उरलेल्या ६ बाबी शस्त्रक्रियेच्या आहेत: ती किती मोठी आहे, एकाहून अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या का, रक्तस्राव किती झाला, पोटात पू किंवा विष्ठा कितपत पसरली आहे, कर्करोग आहे का आणि तातडी किती आहे. पोट उघडण्यापूर्वी यांतील बहुतेक बाबी अंदाजानेच भराव्या लागतात. सीटी स्कॅनमध्ये थोडासा द्रव दिसतो आणि प्रत्यक्षात पोटाच्या चारही भागांत पू सापडतो, असे अनेकदा घडते. तुमच्या आत्यांच्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे, आणि नवीन माहिती हाती आल्यावर सर्जननी ती लगेच तुमच्यापर्यंत पोहोचवली, हे योग्यच झाले.

या पद्धतीची एक मोठी उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. तिच्यात वयाचे तीनच गट आहेत: ६० पर्यंत, ६१ ते ७० आणि ७१ च्या पुढे. म्हणजे ७२ वर्षांचा आणि ९२ वर्षांचा रुग्ण तिच्या लेखी सारखेच. आपल्याकडे पेरिटोनायटिससाठी, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाच्या दाहासाठी, मॅनहाइम निर्देशांकही पुष्कळ वापरला जातो. तो ० ते ४७ असा मोजतात, आणि त्यात तर ५० च्या वरच्या प्रत्येकाला वयाचे सरसकट ५ गुण मिळतात. पोटातील पाणी स्वच्छ, पुवाळलेले की विष्ठामिश्रित यावरून तो मृत्यूचा धोका चांगला वेगळा करतो. परंतु एका वृद्धाला दुसऱ्या वृद्धापासून वेगळे ओळखण्यासाठी ही दोन्ही साधने घडवलेली नाहीत.

उत्तर २ (भूलतज्ज्ञ, ऐरोली)

ही उणीव भरून काढणारी माहिती रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. ती घरच्या माणसांकडे असते. म्हणूनच ताईंचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वार्धक्यातील दुर्बलता, जिला आम्ही फ्रेल्टी म्हणतो, मोजण्यासाठी १ ते ९ अशी एक श्रेणी आहे. ती कॅनडातील डलहौसी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रथम ७ पायऱ्यांची म्हणून मांडली आणि पुढे तिचा विस्तार झाला. ५ वा त्याहून अधिक गुण म्हणजे दुर्बलता. यात रुग्ण आत्ता खाटेवर कसा दिसतो हे पाहायचे नसते, कारण पोटात छिद्र पडलेला कोणताही माणूस गलितगात्रच दिसणार. आजार सुरू होण्यापूर्वी, साधारण दोन आठवड्यांमागे तो कसा वावरत होता, हे विचारायचे असते.

ब्रिटनमध्ये २०१७ साली ४९ रुग्णालयांतील ६५ वर्षांवरील ९३७ रुग्णांचा अभ्यास झाला. या सर्वांच्या पोटाची तातडीची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांतील सुमारे २० टक्के रुग्ण दुर्बल गटात मोडत होते आणि एकंदर १९.५ टक्के रुग्ण ९० दिवसांच्या आत दगावले. वय आणि लिंग हिशेबात धरूनही दुर्बलतेच्या पायरीबरोबर मृत्यूची शक्यता स्पष्टपणे वाढत गेली. या अभ्यासामुळे माझ्या रोजच्या कामात पडलेला फरक असा की, भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत नातेवाइकांशी बोलण्याची पाच मिनिटे मी कोणत्याही घाईत सोडत नाही.

मात्र ही श्रेणी आपल्या घरांना लावताना सावधपणे वापरावी लागते. स्वयंपाक, बाजारहाट, बँकेचे व्यवहार स्वतः करता येतात का, असे तिचे प्रश्न आहेत. एकत्र कुटुंबातील आजी ही कामे करत नसतील, तर त्या करू शकत नाहीत म्हणून, की सुनेने आणि नातवाने ती आपल्याकडे घेतली आहेत म्हणून, हे खोदून विचारावे लागते. घोडबंदर रस्त्यावरच्या वीस मजली इमारतीत राहणारे आजोबा महिनोन्महिने जिना चढलेले नसतात, कारण लिफ्ट आहे. ते रस्ता ओलांडून पलीकडे जात नाहीत, कारण तिथली वाहतूक धडधाकट माणसालाही घाबरवते. यावरून त्यांना दुर्बल ठरवले, तर आकडा चुकेल. त्यापेक्षा आंघोळ स्वतः करतात का, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठतात का, गेल्या सहा महिन्यांत वजन घटले का, किती वेळा पडले, औषधे स्वतःच्या लक्षात राहतात का, हे विचारले की चित्र पुष्कळ स्पष्ट होते.

आणखी एक गोष्ट धोका कमी भासवते. वृद्धांमध्ये पोटाचा गंभीर आजार पुष्कळदा शांतपणे येतो. ताप नसतो, पोट ताठर होत नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर शरीरात जंतुसंसर्ग पसरला असूनही नाडी ८० च्या पुढे जाईलच असे नाही, आणि पी-पॉसममध्ये नाडीला स्वतंत्र गुण आहेत. गुण कमी पडले म्हणजे धोका कमी, असा अर्थ अशा रुग्णात काढता येत नाही. रक्तातील लॅक्टेट (पेशींना प्राणवायू अपुरा पडला की वाढणारा घटक) आणि अल्ब्युमिन (एक प्रथिन) यांच्याकडे मी म्हणूनच बारकाईने पाहतो, कारण औषधाने नाडी रोखली तरी लॅक्टेट सहसा खरे सांगून जाते. घरी चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, स्टेरॉइडच्या आणि सांधेदुखीच्या गोळ्या, नातेवाइकांनी न विचारताच डॉक्टरांच्या हाती द्यावी.

उत्तर ३ (संख्याशास्त्राचा शिक्षक, वाशी)

मी डॉक्टर नाही. परंतु या आकड्यांच्या अर्थाबद्दल थोडे लिहितो. २० टक्के धोका म्हणजे, ज्यांच्या तपासण्या आणि परिस्थिती या रुग्णासारखी होती अशा १०० जणांपैकी सुमारे २० जण दगावले. एका माणसाच्या बाबतीत हा आकडा बरोबर होता की चूक, हे नंतर ठरवता येत नाही. आत्या वाचल्या म्हणून ३० टक्के चूक ठरत नाही, आणि दुर्दैवाने काही झाले असते, तरी तो बरोबर ठरला नसता.

गणनपद्धतीची पारख दोन अंगांनी होते. अधिक धोक्याच्या रुग्णाला ती कमी धोक्याच्या रुग्णापेक्षा वरचा आकडा देते का, हे पहिले अंग. आणि ती २० म्हणते तेव्हा खरोखर २० च्या जवळपास मृत्यू होतात का, हे दुसरे. इंग्लंडमधील रुग्णांवरून बांधलेले समीकरण आपल्याकडे आणले, तर पहिले अंग बहुतेक वेळा टिकून राहते आणि दुसरे ढळते. आपल्याकडे टायफॉइडने किंवा क्षयाने आतड्याला पडणारी छिद्रे अधिक आढळतात, आणि रुग्ण एक-दोन दवाखाने फिरून उशिरा पोहोचतो. म्हणून प्रत्येक शहराने, निदान मोठ्या रुग्णालयांनी, आपल्या नोंदी ठेवून समीकरण आपल्यापुरते जुळवून घेतले पाहिजे. त्यासाठी पुरेशी संख्या मात्र हवी. प्रत्येकी २० टक्के धोक्याचे २० रुग्ण असतील, तर अपेक्षित मृत्यू ४. पण निव्वळ योगायोगानेही तो आकडा १ ते ७ यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. एवढ्यावरून रुग्णालयाला चांगले किंवा वाईट ठरवणे अन्यायाचे होईल.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. यातून एक प्रश्न निर्माण होतो. आकडा समजा ५० किंवा ६० टक्के सांगितला, तर शस्त्रक्रियेला नकार द्यावा का? आणि एका रुग्णाबद्दल त्यातून निश्चित काहीच कळत नसेल, तर तो काढण्याचा उपयोग काय?

उत्तर ४ (वृद्धोपचारतज्ज्ञ, नेरूळ)

मॅडम, त्याचा पहिला उपयोग तयारीसाठी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदणी डिसेंबर २०१३ पासून सुरू आहे. तिथे अंदाजित धोका ५ टक्के किंवा अधिक असेल, तर अनुभवी सर्जन आणि अनुभवी भूलतज्ज्ञ दोघेही शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष हजर असावेत आणि नंतर रुग्णाला थेट आयसीयूत न्यावे, असा दंडक आहे. दुर्बल वृद्धांना वृद्धोपचारतज्ज्ञाने तपासावे, अशीही अपेक्षा आहे. तेथील ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण सुरुवातीला ११.८ टक्के होते, ते पुढील वर्षांत ९ च्या आसपास आले. म्हणून आकडा ऐकल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा की, इथे आयसीयूत खाट आहे का, आणि नसेल तर शस्त्रक्रियेआधी हलवायचे की नंतर. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मध्यरात्री खाट शोधण्यात जो वेळ जातो, तो ही चौकशी संध्याकाळीच झाली तर बराच वाचतो.

दुसरे म्हणजे, मृत्यू हा एकच परिणाम मोजून वृद्ध माणसाशी न्याय होत नाही. वाचलेला रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायांनी शौचालयापर्यंत जाईल का, त्याला भ्रम होईल का, तो घरी परतेल की कायमचा परावलंबी होईल, हे पुष्कळांना मृत्यूहून महत्त्वाचे वाटते, आणि हे प्रश्न त्यांच्या मुलांऐवजी शक्यतो त्यांनाच विचारले पाहिजेत. तुमचे वडील आज ठणठणीत आहेत, तर आजच शांतपणे विचारा. व्हेंटिलेटर किती दिवस चालेल, डायलिसिस हवे का, कोणती अवस्था त्यांना नको आहे, हे त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

उत्तर ५ (जनरल सर्जन, ठाणे)

नकाराबद्दल मी लिहितो, कारण रात्री दोन वाजता हा प्रश्न मलाच विचारला जातो. ५० टक्के हा आकडा एकटा ऐकायचा नसतो. शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हे त्याच्या शेजारी ठेवून ऐकायचा असतो. आतड्याला छिद्र पडून पोटभर संसर्ग पसरला असेल, तर शस्त्रक्रियेवाचून वाचण्याची शक्यता फारच थोडी उरते, त्यामुळे ५० टक्केही मोठी संधी ठरते. चिकटलेल्या आतड्यांमुळे आलेल्या अडथळ्यात मात्र नळी टाकून आणि सलाइन देऊन काही काळ वाट पाहता येते, आणि तिथे हाच आकडा थांबण्याच्या बाजूने बोलू शकतो. अतिशय दुर्बल, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला छिद्र पडले असेल आणि त्याची स्वतःची इच्छा स्पष्ट असेल, तर वेदना पूर्णपणे आटोक्यात ठेवून शस्त्रक्रिया न करणे हाही वैद्यकीय निर्णयच आहे. त्याला सोडून देणे म्हणू नये. नातेवाइकांनीही ते ओझे मनावर घेऊ नये.

मधले मार्गही असतात. धोका फार असेल, तर आतडे जोडण्याऐवजी त्याचे तोंड पोटावर काढून शस्त्रक्रिया लवकर संपवता येते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने अडथळा आला असेल, तर काही रुग्णांत स्टेंट, म्हणजे आतड्याची वाट उघडी ठेवणारी जाळीदार नळी, घालता येतो. शस्त्रक्रिया करून आयसीयूतील उपचार तीन दिवस पूर्ण ताकदीने द्यायचे आणि चौथ्या दिवशी अवयवांची स्थिती पाहून पुन्हा बसून बोलायचे, असेही आधीच ठरवता येते. अनेक कुटुंबांना हा मार्ग पटतो, असा माझा अनुभव आहे.

विचारविनिमय मात्र वेळेत व्हावा. डेन्मार्कमध्ये अल्सरला छिद्र पडलेल्या २,६६८ रुग्णांच्या नोंदींत, रुग्णालयात पोहोचल्यानंतर शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबाबरोबर जगण्याची शक्यता आधीच्या तासाच्या तुलनेत सरासरी २.४ टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले. म्हणून परगावचा भाऊ येईपर्यंत थांबू, असे कुणी म्हणाले, तर त्याला फोनवर घ्या, आम्ही त्याच्याशीही तेवढ्याच सविस्तर बोलू. तोवर सलाइन, प्रतिजैविके आणि रक्ताची सोय सुरू राहू द्या.