मदत हवी आहे: एओडीवरून (हवेतले कण किती ऊन अडवतात त्याचं माप) एरोसोलचा, म्हणजे त्या बारीक कणांचा, परिणाम काढतोय, उत्तर शंभरावर जातंय

धूसर:
एरोनेटच्या (जमिनीवरून एओडी मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं) एका केंद्राचा वर्षभराचा विदा आहे (आवृत्ती ३, लेव्हल २.०, म्हणजे पूर्ण तपासलेला). ५०० नॅनोमीटरला सरासरी एओडी ०.३०, अँगस्ट्रॉम घातांक (तरंगलांबीबरोबर एओडी किती बदलते ते) १.२. कणांमुळे किती ऊर्जा अवकाशात परत जाते ते हवंय. सरासरी सूर्यप्रकाश ३४० वॅट प्रति चौ.मी. गुणिले ०.३ केलं, उणे १०२ आलं (उणे म्हणजे पृथ्वीची ऊर्जा घटली, थंडावा). आयपीसीसीच्या (हवामानबदलावरचं आंतरसरकारी मंडळ) सहाव्या अहवालात एरोसोलचा परिणाम उणे १.१ आहे. माझं कुठे चुकतंय? साधं सूत्र चालेल, पूर्ण विकिरण मॉडेल तूर्त नको.

पश्चिमवारा:
आधी १०२ चं बघू. एओडी सांगते की थेट किरणातला किती प्रकाश गळला. गळलेला सगळा वर जात नाही. बहुतेक पुढेच विखुरतो आणि जमिनीवर पोचतो, थोडा कण शोषतात. म्हणून:

फरक = −½ × सौर स्थिरांक × पारगम्यता² × (१ − ढगांचा वाटा) × एओडी × [ओमेगा × बीटा × (१ − ज)² − २ × (१ − ओमेगा) × ज]

सौर स्थिरांक म्हणजे वातावरणाच्या माथ्यावर सूर्यासमोर धरलेल्या एका चौ.मी.ला मिळणारं ऊन, पारगम्यता म्हणजे कणांच्या वरच्या हवेतून पार होणारा त्याचा वाटा, ओमेगा म्हणजे सिंगल स्कॅटरिंग अल्बेडो (कणांनी अडवलेल्यापैकी शोषला न जाता विखुरणारा वाटा), बीटा म्हणजे विखुरलेल्यापैकी वर जाणारा वाटा, ज म्हणजे जमिनीची परावर्तकता. तुमच्या ३४० सारखा सौर स्थिरांकाचा पाव इथे नाही, अर्धाच घ्या. सूर्य कलला की उजेड जेवढा कमी पडतो तेवढाच कणांतला मार्ग लांबतो, त्यामुळे दोन्ही कटतात आणि फक्त दिवस-रात्रीचा अर्धा उरतो.

एओडी ५५० नॅनोमीटरला आणा: ०.३० × (५५०/५००)^−१.२ = ०.२७. सौर स्थिरांक १३६१, पारगम्यता ०.७९, ओमेगा ०.९०, बीटा ०.२, ज ०.१५ धरलं तर निरभ्र आकाशाला साधारण उणे ११.५ वॅट प्रति चौ.मी. ढग ६० टक्के धरले तर उणे ४.६.

आता ज ०.६ करून बघा, म्हणजे खाली बर्फ. तेच कण, तीच एओडी, आणि निरभ्र आकाशाला उत्तर अधिक १०! चकाकत्या पृष्ठभागावर काजळी मिसळलेले कण तापवतात. चिन्ह कधी पालटेल हे ओमेगा आणि ज मिळून ठरवतात, त्यामुळे नुसत्या एओडीवरून 'थंडावा' म्हणू नका.

अर्धवर्तुळ:
उणे १.१ शी तुलनाच करू नका. तो आकडा १७५० ते २०१९ मधल्या मानवनिर्मित बदलाचा आहे, पूर्ण पृथ्वीची सरासरी, आणि त्यातला मोठा हिस्सा ढगांवाटे येतो. तुमच्या एओडीत धूळ, समुद्री मीठ सगळंच आहे.

ढगांचं गणित निराळं. पाणी तेवढंच राहून थेंबांची संख्या वाढली की थेंब बारीक होतात आणि ढग उजळतो. परावर्तकता ०.५ असलेल्या ढगात थेंब दुप्पट झाले तर ती ०.०६ ने वाढते (०.५ × ०.५ ÷ ३ × ०.६९; ०.६९ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉग). पण एओडी म्हणजे ज्या कणांवर थेंब जमतात त्या बीजांची संख्या नव्हे. दमट हवेत तेच सल्फेट कण पाणी पिऊन फुगतात, एओडी चढते, कणांची संख्या मात्र तिथल्या तिथे.

धूसर:
आभार. पण ओमेगाचा रकाना लेव्हल २.० मध्ये जवळजवळ रिकामा दिसतोय.

पश्चिमवारा:
दिसणारच. तिथे ओमेगा ४४० नॅनोमीटरला एओडी ०.४ च्या वर आणि सूर्य माथ्यापासून ५० अंशांपेक्षा जास्त कललेला असेल तरच देतात. तुमची सरासरी ४४० ला ०.३५ येते. जे दिवस सापडतील ते दाट धूळ-धुराचे, त्यांचा ओमेगा वर्षभराला लावला की गणित फसतं. लेव्हल १.५ मधलं (कमी तपासलेला विदा) उचलू नका, कमी एओडीला चूक फार वाढते. ऋतूवार वेगळं करा आणि ओमेगा ०.८५ ते ०.९५ असा पट्टा चालवा. निरभ्र आकाशाला उणे ९ ते उणे १४ मिळेल, तोच पट्टा लिहा.

अर्धवर्तुळ:
ढगांचा वाटा घालताना एक मेख: हे सूत्र ढगाळ भागात परिणाम शून्य मानतं. धुराचा थर ढगांच्या वर असेल तर ते खोटं ठरतं, ढग तिथे बर्फासारखाच वागतो. अशा महिन्यांत फक्त निरभ्र आकाशाचा आकडा द्या.