स्कर्टिंगचे खिळे भिंतीत, फळीत नाही

वर एकांनी लिहिलंय की लाकडी किंवा लॅमिनेटच्या (लाकडासारख्या दिसणाऱ्या तयार फळ्यांच्या) फ्लोअरिंगची भिंतीलगतची फट व्हाइट सिमेंटने बुजवली की काम झालं. कृपा करून तसं करू नका. लॅमिनेट काय किंवा खरं लाकूड काय, पावसाळ्यात फुगतंच. त्यासाठीच ती 8-10 मिमी जागा सोडलेली असते. मी हाच उद्योग केला होता. ऑगस्टमध्ये हॉलच्या मधोमध फळ्या उचलल्या गेल्या, पाय पडला की 'टक्'!

फट बुजवायची नाही, स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली, झाकायची. जुनं टाइलचं स्कर्टिंग काढायचं नसेल तर त्यापुढे क्वार्टर राउंड (पाव गोलाच्या आकाराची) पट्टी चिकटवा, पण त्या स्कर्टिंगलाच, फळीला नाही. कोपऱ्यात 45 अंशांत कापण्याआधी टाकाऊ तुकडे जुळवून बघा, कारण आपल्याकडच्या भिंती काटकोनात असतात हा गोड गैरसमज आहे.

दाराची चौकट लाकडी असेल तर तिच्याभोवती फळी कोरत बसू नका. फळीचा तुकडा, फळ्यांखाली अंथरतात त्या फोमसकट, जमिनीवर उलटा ठेवा, त्यावर करवत आडवी टेकवा आणि चौकटीचाच पाय कापा. फळी आत सरकते, सांधा शोधूनही सापडत नाही. आमच्या सुताराला हे पटवायला मात्र दोन चहा लागले.