डूला म्हणजे ‘पाठ चोळणारी महागडी मैत्रीण’ नव्हे

धायरीवाली:
‘पेठेतला’ यांनी काल लिहिलं, ‘आज्या-मावश्या जे फुकट करायच्या, त्यासाठी आता बाणेर-औंधच्या बायका पंचवीस हजार मोजतात. डूला म्हणजे पाठ चोळणारी महागडी मैत्रीण.’ त्यावर लाइक्सचा पाऊस पडला. मी डूलाचंच काम करते, म्हणजे पैसे घेऊन बाळंत होणाऱ्या बाईजवळ कळांमध्ये सतत सोबत थांबते. राग आला, म्हणून सविस्तर लिहितेय.

आजी लेबर रूममध्ये असते कुठे? ती बाहेर बाकड्यावर असते, दुपट्यांची पिशवी मांडीवर घेऊन. दारावरच्या मावशी ‘बाहेर थांबा, बोलावतो’ म्हणतात आणि दार लागतं. आत एका सिस्टरकडे तीन-चार पेशंट, ड्यूटी बदलली की नवा चेहरा. डॉक्टर मधूनमधून तपासून जातात. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास सहज चालतात. त्यातले बरेच तास तिच्याजवळ हक्काचं माणूस नसतं. मी तिथे असते.

परवा नऱ्ह्याची एक मुलगी होती. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे, त्यामुळे सगळी कळ कमरेत. खाटेचा दांडा घट्ट धरून, दात आवळून, श्वास रोखून पडली होती. तिला उठवून गुडघ्यांवर घेतलं, मोठ्या बॉलवर ओणवं केलं आणि माकडहाडाच्या वर तळवा रोवून कळ ओसरेपर्यंत दाबून धरलं. जबडा सैल सोड, खालच्या सुरात ‘आऽ’ म्हण, एवढंच सांगत होते. त्या हॉस्पिटलने नवऱ्याला आत घेतलं होतं. त्याला जागा दाखवली, पुढची कळ त्याने सांभाळली. मधे घोटघोट पाणी, आठवणीने लघवीला नेणं. आतली तपासणी, बाळाचे ठोके ऐकणं, औषधं यांना मी हात लावत नाही. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, हवं म्हणाली तर सिस्टरला सांगते, अडवत नाही.

आणि हे श्रीमंतांचं खूळ नाही. १९८० साली ग्वाटेमालातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे साध्या बायकांजवळ एक अनोळखी बाई शेवटपर्यंत बसवली होती, आणि ज्यांचं सगळं सुरळीत झालं त्यांच्या कळांचा काळ सोबत नसलेल्यांच्या निम्म्याहून कमी भरला. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांच्या चाचण्या एकत्र पाहिल्या. सतत सोबत असेल तर सीझर कमी, कळांचा वेळही कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सोबतीची शिफारस केली. आपल्या केंद्र सरकारने तर २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत घ्यायला परवानगी दिली. बरेच खाजगीवाले अजून दार लावून बसलेत.

पेठेतला:
तळमळ पोचली. पण सिस्टरची नोंदणी कौन्सिलकडे असते, डॉक्टरची असते. डूलाची कुठे आहे? उद्या कोणीही ऑनलाइन कोर्स करून पाटी लावेल. चुकलं तर जाब कोणाला विचारायचा? आणि सोबतीण आत घ्यायची तर आईला घ्या की! सरकारने परवानगी दिली ती नात्यातल्या बाईला, पैसे घेणाऱ्या बाईला नाही.

शिवाय हे पंचवीस हजार भरणार कोण? मुलीचा बाप. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं. हॉस्पिटल, डिंकाचे लाडू, मालिशवाली, बारसं, जावयाला अंगठी, सगळं आम्ही केलं. सासरची मंडळी बारशाला जेवून गेली आणि पेढे कमी पडले म्हणाली.

हडपसरकर:
मूळ दुखणं हेच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी ही प्रथाच बंद करा. मूल आडनाव कोणाचं लावणार? मग बिल त्यांनी भरावं.

बाणेरची आई:
बंद का म्हणून? मला सव्वा महिना झोप मिळाली ती माहेरी. सासरी असते तर दहाव्या दिवशी कुकर लावत असते. डॉक्टर नवे, गाव नवं, हा त्रास आहे खरा. सातव्या महिन्यात सगळे रिपोर्ट घेऊन पुण्याहून साताऱ्याला गेले. पण आईच्या हातचं खायला मिळालं.

हडपसरकर:
झोप तुम्हाला, बिल वडिलांना. माझ्या सासऱ्यांनी पीएफमधून पैसे काढले होते, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या वेळी एक रुपया घेतला नाही. प्रत्येक जावयाने असं केलं तर प्रथा एका पिढीत संपेल.

बाणेरची आई:
तुम्ही केलंत ते चांगलंच. पण माझ्या वडिलांनी काय करावं हे तुम्ही ठरवू नका. तुमचा नवस माझ्या बाळंतपणावर फेडू नका.

आजी६८:
पेढे आणि पीएफ पुरे करा आता. ‘आज्या करायच्या’ म्हणणाऱ्यांना सांगते, आम्ही काय केलं ते आम्हाला ठाऊक. शेजारच्या वाड्यात सुईणीच्या हातून बाळंत झालेली एक बाई रक्त जाऊन गेली, टांगा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून मी हॉस्पिटलात गेले. तिथे ओरडले तर सिस्टरने मांडीवर चापट मारली. जे बोलली ते इथे लिहिता येत नाही. आई बाहेर होती. त्या रात्री कोणी परकी बाईसुद्धा हात धरायला असती, तर मी तिला बांगडी काढून दिली असती.

डॉ_लेबररूम:
आजी, ती चापट चूकच होती. पण माझाही अनुभव ऐका. एकीने डूला आणली होती. बाळाचे ठोके खाली जात होते, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी समोर दिसत होती. मी सीझर म्हटलं, तर ही बाई पेशंटला म्हणते, ‘अजून थोडं थांब, तुझं शरीर जाणतं.’ वीस मिनिटं समजावण्यात गेली. बाळ वाचलं, पण एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं. रात्री तीन वाजता नातेवाइकांचा घोळका माझ्या अंगावर येतो, तिच्या नाही. राग येणारच.

धायरीवाली:
त्या बाईने सीमा ओलांडली. असल्या लोकांना कामच मिळू नये. नोंदणी हवी, ‘पेठेतला’ यांचा तो मुद्दा मी आधीपासून मांडतेय. पण डॉक्टर, पेशंटचा विश्वास का उडालाय हेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशभरात खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के सीझर, सरकारीत १४.३. ही दरी एकट्या गुंतागुंतीने पडत नाही.

डॉ_लेबररूम:
सगळं खापर आमच्यावर नको. मुहूर्ताची चिठ्ठी घेऊन कोण येतं? ‘साडेनऊच्या आत काढा, पुढे नक्षत्र बदलतं’ हे मी दर महिन्याला ऐकतो. आणि कळा नकोतच म्हणणाऱ्या वेगळ्या.

एवढं मात्र कबूल करतो की ड्यूटी बदलताना जिच्याजवळ कोणी बसलेलं असतं, ती कमी घाबरते आणि कळा द्यायला सांगितलं की ऐकते. माझ्याकडे यायचं असेल तर आठव्या महिन्यात पेशंटबरोबर येऊन मला भेटा. काय करणार, काय नाही, ते माझ्यासमोर ठरवा. मी सीझर म्हटलं की तिथे चर्चा नाही.

धायरीवाली:
चालेल. फक्त कारण दोन वाक्यांत तिला तुम्ही स्वतः सांगा, सही घ्यायच्या आधी. आणि सीझर झालं तरी मी रिकव्हरीत थांबणार, बाळाला पहिल्यांदा अंगावर घेताना.

डॉ_लेबररूम:
तातडीची केस नसेल तर सांगतो. रिकव्हरीचं सिस्टरशी बोलून घ्या.

पेठेतला:
सरकारी नोंदणी होईपर्यंत माझं मत बदलणार नाही. बहिणीच्या दुसऱ्या वेळी तरी आम्ही डूला घेणार नाही.

बाणेरची आई:
बहिणीला विचारलंत?