झाउनिख म्हणजे चिक्कू नव्हे, मग काय?

हिरवी सायकल

नमस्कार मंडळी. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकते, मास्टर्सचं दुसरं वर्ष. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी डच लोकांवर आणि त्यांच्या रोजच्या बोलीवर लेख लिहायला घेतलाय, आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय.

डचमध्ये 'झाउनिख' असा एक शब्द आहे. वाया न घालवणारा, जपून वापरणारा. माणसाला लागतो, फ्रीजला लागतो, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीलाही लागतो. त्यात शिवी नाही, झालं तर थोडं कौतुकच असतं. शिवी द्यायची तर 'खीरिख' हा वेगळा शब्द आहे. मी झाउनिखसाठी 'काटकसरी' लिहिलं होतं. संपादक काकांनी सगळीकडे 'चिक्कू' करून टाकलं. म्हणाले, "अगं, डच चिक्कू असतात हे जगजाहीर आहे. वाचकांना जरा हसू दे."

हसायला माझी हरकत नाही, पण वाक्याचा अर्थच फिरला ना! आमच्या घरात (सहा जणांत एक स्वयंपाकघर) ड्रॉवरमध्ये एक वस्तू आहे. लांब दांडी, टोकाला अर्धगोल रबरी चकती. नाव 'फ्लेसनलिकर', म्हणजे सरळ सरळ बाटलीचाट्या. पूर्वी दही आणि 'फ्ला' (कस्टर्डसारखं पातळ गोड प्रकरण) काचेच्या बाटलीत यायचं, तेव्हाची सोय. आता फ्ला खोक्यात मिळतो, तरी आमचा एक घरमित्र खोकं कापून त्यानेच खरवडतो. दोन चमचे निघतात. ते काढताना त्याच्या तोंडावर जे समाधान असतं ना, ते चिक्कू माणसाचं नाही. माझी आजी तूप कढवून झालं की त्याच पातेल्यात भात कालवते. तिला कोणी चिक्कू म्हणत नाही, टुकीची बाई म्हणतात.

तर, झाउनिखला 'टुकीचा' चालेल का? आणखी काही सुचतंय का?

बोरूबहाद्दर

'टुकीने संसार करणे' हा प्रयोग आहे. 'टुकीची बाई' एक वेळ चालून जाईल, पण 'टुकीचा फ्रीज' कोणी म्हणणार नाही. 'मितव्ययी' हा नेमका आणि सुंदर शब्द आपल्याकडे असताना शोधाशोध कशाला?

ठोंब्या

मितव्ययी गाडी? बोरूकाका, शोरूममध्ये जाऊन विचारा एकदा. गाडीला मराठीत 'अ‍ॅव्हरेज चांगलं देते' म्हणतात. बास.

बोरूबहाद्दर

ते मराठी नाही, मेकॅनिकी आहे.

ठोंब्या

मेकॅनिक मराठीच आहे हो आमचा. वाईचा.

माणदेशी

आमच्याकडं यासाठी 'बेतानं' म्हणतात. "पाणी बेतानं वापर." लहानपणी टँकरच्या पाण्यानं आंघोळ झाली की खाली परात असायची, ते पाणी झाडाला. त्याला कोण काटकसर म्हणत नव्हतं, तसंच करायचं असतं असं वाटायचं. पण 'बेताचा माणूस' म्हटलं की अर्थ भलतीकडं जातो, ही अडचण आहे.

'राखून' बघा. राखून खाणारा, राखून खर्च करणारा. पण पुन्हा फ्रीजला लागणार नाही.

आल्मेरकर

एकोणीस वर्षं इथे आहे म्हणून थोडं बोलतो. पहिली गोष्ट, उच्चार 'झाउनिख' नाही, 'झेउनिख'च्या जास्त जवळ आहे. तो स्वर आपल्याकडे नाहीच, तेव्हा देवनागरीत भांडण्यात अर्थ नाही हेही खरं.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. जग डचांना चिक्कू म्हणतं, आणि डच म्हणतात, "आम्ही कसले, ते झीलंडवाले बघा!" झीलंड हा नैऋत्येचा, समुद्रात बोटं घातलेला प्रांत. तिथल्या बोलीतलं 'ओन्स बिन झ्यूनिख', म्हणजे 'आपण बुवा काटकसरी', हे वाक्य मार्गारीनच्या जाहिरातीतून देशभर झालं. झीलंडवाले ते मिरवतातही. खालच्या अंगाला बेल्जियमवाले बसलेत, त्यांचे डचांच्या कंजूषपणावर विनोद. डच उलट बेल्जियनांच्या अकलेवर विनोद करतात. थोडक्यात प्रत्येकाला आपल्यापेक्षा कंजूष असा कोणीतरी शेजारी लागतोच.

हे सगळं कॅल्व्हिन या ख्रिस्ती धर्मसुधारकाच्या शिकवणीतून आलं असं इथले शिकलेले लोक सांगतात. मला ते पूर्ण पटत नाही. आमच्या शेजारच्या आजी (आता हयात नाहीत) 1944-45 च्या हिवाळ्यात अ‍ॅमस्टरडॅममध्ये लहान होत्या. जर्मनांनी रसद तोडली होती. त्या हिवाळ्यात शहरातले लोक ट्युलिपचे कंद आणि साखरेचं बीट खाऊन राहिले. त्या बाई पावाचा शेवटचा तुकडा टाकायच्या नाहीत, त्याला कॅल्व्हिन कशाला पाहिजे?

निळी शाई

'कद्रू' कसा वाटतो? म्हणजे झाउनिखसाठी नाही, त्या दुसऱ्या खीरिखसाठी. हा शब्द नागांची आई कद्रू हिच्यावरून आला असं आमचे संस्कृतचे सर सांगायचे. धनावर नाग बसतो, म्हणून.

बोरूबहाद्दर

सरांबद्दल आदर राखून सांगतो, ही ओढूनताणून केलेली व्युत्पत्ती आहे. संस्कृतात 'कदर्य' म्हणजे कृपण. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवंतीच्या कदर्य ब्राह्मणाची कथा आहे. एकनाथी भागवताचा तेविसावा अध्याय उघडा, तिथे 'कदर्यु' भेटेल. कदर्यु, कदरू, कद्रू असा सरळ रस्ता आहे. नागाला मध्ये आणायची गरज नाही.

निळी शाई

रस्ता सरळ दिसतो म्हणून त्याच रस्त्याने शब्द आला असं थोडंच असतं? नागाची गोष्ट लोकांच्या तोंडी आहे.

बोरूबहाद्दर

लोकांच्या तोंडी काय काय असतं.

ठोंब्या

मूळ विषय डचांचा ना? मग 'डच ट्रीट' कसं राहिलं? ज्याने त्याने आपापलं बिल भरायचं. इंग्रजांची आणि डचांची सतराव्या शतकात तीन युद्धं झाली (1652 पासून 1674 पर्यंत), त्या रागातून इंग्रजांनी डचांच्या नावाने सगळी नालस्ती भाषेत घालून ठेवली. दारू पिऊन आलेलं शौर्य म्हणजे डच करेज, न कळणारी बडबड म्हणजे डबल डच.

आपण बरे. आपलं 'टीटीएमएम'. तुझं तू, माझं मी. कोणत्याही देशाला नावं ठेवायची भानगड नाही. कॉलेजात 'काँट्री काढा' म्हणायचो.

आल्मेरकर

युद्धांचं अर्धंच खरं. 'डच ट्रीट' हा एकोणिसाव्या शतकातला, तोही अमेरिकेतला. तिथे जर्मनांनाही सर्रास 'डच' म्हणत. तेव्हा या बिलावर नक्की कोणाचं नाव आहे, देव जाणे. तुर्की लोक याच प्रकाराला 'आल्मान उसुलू' म्हणतात, जर्मनांची रीत. (उसुलू म्हणजे आपल्या ओळखीच्या उसूलाचाच भाऊ.) इटालियन लोक 'आल्ला रोमाना' म्हणतात, रोमवाल्यांची रीत!

बोरूबहाद्दर

'काँट्री' हा शब्द वाचून वाईट वाटलं. 'वर्गणी' आहे, 'पट्टी' आहे. गावात पट्टी काढून देवळाचा कळस चढतो. आणि प्रत्येकाने आपापला डबा आणायचा तर 'अंगतपंगत' आहे. टीटीएमएम ही चार इंग्रजी अक्षरं. एका पिढीने दोन शब्द टाकले की पुढची पिढी चार टाकते.

हिरवी सायकल

काका, पण वर्गणी गणपतीची असते. मिसळ खाल्ल्यावर "वर्गणी काढा" म्हटलं तर लोक पावतीपुस्तक मागतील. नवी रीत आली की नवा शब्द येतोच. इथे 2016 मध्ये 'टिकी' नावाचं अ‍ॅप आलं, बिल वाटून पैसे मागायचं. आता 'टिकी पाठवणे' हेच क्रियापद. टिकी म्हणजे हलकेच मारलेली टपली. मुलं पकडापकडी खेळताना पण "टिकी!" ओरडतात, म्हणजे "तुझ्यावर राज्य!" मला हा शब्द फार आवडतो. पैसे मागणं इतकं खेळकर कोणी केलं नसेल. पहिल्यांदा एका कॉफीची टिकी आली तेव्हा मात्र मीही मनात चिक्कूच म्हटलं होतं. आता मीच पाठवते, आणि बरं वाटतं. कोणी कोणाच्या उपकारात नाही.

लेखात मला खरं जे म्हणायचंय ते वेगळंच आहे. 'डच असे असतात' हे सगळे सांगतात, पण डच म्हणून मी जी बोली रोज ऐकते तिचा गठ्ठा सोडला तर आत भलतेच लोक निघतात. अ‍ॅमस्टरडॅमला लाडाने 'मोकुम' म्हणतात, तो यिडिश, ज्यू वस्तीतला. पोरं पैशाला 'डूकू' म्हणतात आणि घराला 'ओस्सो', ते सुरिनामच्या (दक्षिण अमेरिकेतली डचांची जुनी वसाहत) स्रानान भाषेतून आलेले. चिंता करत बसण्याला 'पीकरन'. तो इंडोनेशियातून आला, मलयमधल्या 'पिकिर'वरून, आणि पिकिर अरबी 'फिक्र'वरून. म्हणजे आपली फिकीर! आपल्याकडे ती फारशीतून आली, यांच्याकडे जावावरून बोटीने. आणि सगळ्यांत कहर म्हणजे 'पाकी-आन'. "हे माझं पाकी-आन नाही" म्हणजे हे माझ्याकडे येत नाही, माझ्या वाट्याचं काम नव्हे. ते मलय 'बागियान', आणि त्याच्या मुळाशी संस्कृत 'भाग'. आमच्या विभागातली कारकून बाई मला फॉर्म परत देताना हेच म्हणाली, तेव्हा मी हसले म्हणून तिला राग आला.

वर्गात एक मुलगा आहे, हेगचा. त्याचे पूर्वज बिहारकडून करारावर सुरिनामला उसाच्या मळ्यात गेले. ती पहिली बोट 1873 ची. सुरिनाम 1975 ला स्वतंत्र झालं त्या सुमाराला त्याचे आजोबा इकडे आले. घरी सरनामी (तिकडची हिंदुस्तानी बोली) बोलतात, रोटीला रोटीच म्हणतात. तो बाटलीचाट्या वापरतो. तो 'डच चिक्कू असतात' मध्ये धरायचा की नाही?

ठोंब्या

बाटलीचाट्या वापरतो म्हणजे धरायचा. पासपोर्ट नंतर बघू.

निळी शाई

आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? अंदाधुंदीला 'मोगलाई', जबरी व्याजाला 'पठाणी', दोन दिवसांत मोडलं की 'चिनी माल'. आणि देशापर्यंत कशाला जायचं, पुण्यावरचे विनोद तर पुणेकरच सांगतात.

आल्मेरकर

डचांचंही तसंच. जीव घाबराघुबरा होण्याला 'स्पान्स बेनाउट', स्पॅनिश घुसमट. ऐंशी वर्षं स्पेनशी लढले (1568 ते 1648), तेव्हा स्पेन भाषेत शिरणारच. काम वरवर उरकणं म्हणजे 'फ्रान्स स्लाख', फ्रेंच हात. आमच्या कंपनीत एक फ्रेंच बाई आहे, सगळ्यांत काटेकोर तीच. तिच्यासमोर हा वाक्प्रचार कोणी वापरला की बघत राहावं.

माणदेशी

सायकलताई, एक सांगा. ते लोक आपल्याबद्दल काय म्हणतात? सगळं आपणच त्यांच्याबद्दल बोलतोय.

हिरवी सायकल

माझ्या तोंडावर? "तुम्ही भारतीय 'नाही' म्हणतच नाही." प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये "बघते, प्रयत्न करते" म्हटलं की घरमित्र विचारतो, "हे हो आहे की नाही?" आधी चिडायचे. मग लक्षात आलं की आमच्या घरी "बघू" म्हणजे नाहीच असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला ते कसं कळणार? त्यांचं एक लाडकं वाक्य आहे, 'दू नॉर्माल'. कोणी जरा जास्त ताणलं, मिरवलं, रडलं की "दू नॉर्माल!" याचंही मराठी मला जमलेलं नाही.

माणदेशी

"लई शाणा होऊ नगंस."

ठोंब्या

"माणसात ये."

निळी शाई

"नीट वाग" पुरेसं आहे. शाणा होऊ नकोस यात दम आहे, 'दू नॉर्माल' मध्ये तो तितका नसावा.

आल्मेरकर

असतो. पंतप्रधानांनी म्हटलं तर असतो. 2017 च्या निवडणुकीआधी तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुट यांनी जाहीर पत्रात तेच लिहिलं होतं, नीट वागा नाहीतर चालते व्हा अशा अर्थाचं. त्यावरून गदारोळ झाला. घरात म्हटलं तर टपली, वरून म्हटलं तर दंडुका.

तळकोकण

उशिरा आलो. सगळे 'डच' 'डच' लिहिताय म्हणून राहवलं नाही. मराठीत यांचं नाव 'वलंदेज' आहे. पोर्तुगीज लोक हॉलंडवाल्यांना 'ओलांदेज' म्हणत, त्यावरून. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वलंदेजांची वखार होती, तिची पडकी इमारत आजही उभी आहे. लहानपणी आम्ही तिथे बोरं खायला जायचो, आत जायला घरून बंदी, सापांची भीती.

आणि स्वभावावरच्या शेऱ्यांचं म्हणाल तर अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (मराठ्यांच्या राजनीतीवरचा ग्रंथ) फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार अशी टोपीकरांची यादीच आहे. हे बाकीच्या सावकारांसारखे नव्हेत, हट्टी आहेत, हाती आलेली जागा मेले तरी सोडणार नाहीत, असं अमात्य बजावतात. चिक्कू म्हटलेलं नाही, हट्टी म्हटलंय. ज्याला ज्याचा त्रास तो गुण दिसतो.

बोरूबहाद्दर

वलंदेज! झकास. लेखात हाच शब्द वापरावा. 'डच' ही इंग्रजांची उसनवारी.

ठोंब्या

आणि 'वलंदेज' पोर्तुगीजांची उसनवारी. जुनी झाली की चालते वाटतं?

बोरूबहाद्दर

तीनशे वर्षं झिजली की ती आपलीच होते.

ठोंब्या

मग 'काँट्री'ला आत्तापासून रांगेत उभं करतो.

निळी शाई

डिंगमार म्हणजे कोण पण?

तळकोकण

डेन्मार्कवाले. त्यांचं ठाणं तमिळनाडूत तरंगंबाडीला होतं, 1620 पासून. या किनाऱ्यावर ते फारसे दिसत नाहीत, तरी यादीत आहेत.

निळी शाई

डेन्मार्कचं डिंगमार कसं झालं असेल? 'मार' तर दिसतोय, 'डिंग' कुठून आला?

बोरूबहाद्दर

'दानमार'चा अपभ्रंश असावा, असा माझा अंदाज. की मोडी वाचताना झालेली गफलत? मोडी येणारं कोणी आहे का इथे?