मदत हवी आहे: रीलमध्ये गळा पोकळ ऐकू येतो, माइक कसे लावावेत?

गाणं आणि गिटार एकत्रच रेकॉर्ड होतं. दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) माइक आहेत, एक तोंडासमोर, दुसरा गिटारच्या दांड्यावरच्या बाराव्या फ्रेटकडे (पट्टीकडे). मिक्समध्ये एक डावीकडे, एक उजवीकडे. हेडफोनवर छान भरलेलं वाटतं, पण फोनच्या एका स्पीकरवर गळा पोकळ होतो.

अपलोड करण्याआधीच मोनो (डावं-उजवं एकत्र) करून ऐकलं तरी तेच, म्हणजे दोष ॲपचा नाही, फेजचा, म्हणजे दोन माइकमधल्या लहरी एकमेकींशी न जुळण्याचा आहे. गळा गिटारच्या माइकपर्यंत सुमारे ३४ सेंटिमीटर जास्त अंतर कापतो, म्हणजे १ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही माइकची बेरीज झाली की ५०० आणि १५०० हर्ट्झच्या आसपास खड्डे पडतात. गळ्याचा जीव तिथेच!

गळ्याच्या माइकचा ट्रॅक १ मिलिसेकंद उशिरा सरकवला तर गळा जुळतो, पण त्या माइकमध्ये शिरलेली गिटार आणखी उशिरा येते आणि बिघडते. पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून खड्डे फक्त जागा बदलतात. वेगवेगळं रेकॉर्ड करायचं नाही, व्हिडिओतला जिवंतपणा जातो.

फिगर-८ माइकची (हा पुढून-मागून ऐकतो, बाजूंनी नाही) बहिरी बाजू तोंडाकडे ठेवून कुणी गिटार घेतली आहे का? कोन आणि अंतर किती ठेवलंत? की सरळ एकच माइक बरा?