मटक्याचा अड्डा कायमचा बंद करायचाय, मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या गल्लीत शाळेच्या वाटेवर एका गाळ्यात उघडउघड मटक्याच्या चिठ्ठ्या घेतात. पोलीस छापा घालतात, चिठ्ठी लिहिणाऱ्या पोराला महाराष्ट्र जुगार प्रतिबंध कायदा, 1887 च्या कलम 12(अ) खाली धरतात. तो दंड भरून सुटतो आणि आकडे परत सुरू. खरा बुकी आणि गाळामालक यांना धक्काही लागत नाही. रोजंदारीवरची माणसं संध्याकाळची कमाई तिथं घालून रिकाम्या हातानं घरी जातात, हे बघवत नाही.

मी थोडं वाचलंय. कलम 12 हे रस्त्यावरच्या, सार्वजनिक जागेतल्या जुगारासाठी आहे. अड्डा चालवणारा आणि जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालक कलम 4 मध्ये येतात, तर तिथं खेळताना सापडणारे कलम 5 मध्ये. मग बंद गाळ्यातल्या धंद्याला 12 च का लावतात?

भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये टोळीनं चालवलेला बेकायदा सट्टा-जुगारही धरलाय. शिक्षा एक ते सात वर्षं. चिठ्ठीवाला, बुकी अशी साखळी असेल तर ते लागू शकतं ना? तसा अनुभव कुणाला आहे का?

वकील किंवा निवृत्त पोलीस मंडळींनी कृपया सांगावं, गाळामालकाला हे माहीत होतं हे सिद्ध करायला काय लागतं? आधी त्याला लेखी पत्र देऊन पोच घेतली तर उपयोग होईल का? आणि तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवून अर्ज थेट पोलीस अधीक्षकांकडे करता येतो का? गल्लीतल्या बायका सही करायला तयार आहेत, पण घाबरतात.